दरीत लोटलेल्या गाठी

ज्या काळी बाजारात धान्य तराजूनं तोलत नसत, लाकडी मापानं मोजत, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी पुढे बसून ऐकावी, मोठ्यांनी मागे बसून ऐकावी. दोघांच्याही कामाची आहे.

डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. त्या राज्यात चाळीस बाजार भरत आणि चाळीसही बाजारांत भांडणं होत. भांडणाचं मूळ एकच होतं, माप. मापं लाकडाची. पावसाळ्यात ती फुगत, उन्हाळ्यात तडकत. आषाढात ज्या अधोलीनं नाचणी मोजून दिली, त्याच अधोलीनं चैत्रात परत घेतली तर ओंजळभर कमी भरे. देणारा म्हणे, मी पुरती दिली. घेणारा म्हणे, मला कमी मिळाली. दोघेही खरं बोलत, आणि दोघेही एकमेकांना लबाड म्हणत. एका बाजारात तर ह्यापायी दोघांची डोकी फुटली.

राज्याची राणी शहाणी होती. तिनं गुढीपाडव्याच्या दिवशी दवंडी पिटवली. "राज्यातल्या प्रत्येक कातारी कारागिरानं पुढच्या पाडव्याला एक अधोली घेऊन यावं. आम्ही ती आठ दिवस तळ्यात बुडवून ठेवू आणि आठ दिवस तापलेल्या कातळावर ठेवू. त्यानंतरही जी तडकणार नाही आणि पहिल्याइतकंच धान्य मोजेल, ती करणाऱ्यालाच चाळीस बाजारांच्या मापांचं काम मिळेल, आणि ते त्याच्या घराकडे कायम राहील."

राजधानीच्या कडेला कातारआळी होती. एके काळी तिथे तीस घरं लाकूड कातत. पण घरोघर पितळेची भांडी आली आणि आळी ओस पडत गेली. आता चार घरांतच काम चाले. त्यातलं शेवटचं घर सगुणाचं.

सगुणाचा नवरा तापानं गेला होता. घरात ती आणि तिचा सासरा, दोघंच. सासरा आपल्या काळातला नामांकित कातारी. पण वय झालं, हात कापू लागला, आणि कापऱ्या हातात पटाशी धरता येत नाही. तेव्हा त्यानं सुनेला शिकवलं. लाकूड दोन खुंट्यांमध्ये अडकवायचं, त्याला दोरीचा वेढा द्यायचा. एकानं दोरी पुढे-मागे ओढली की लाकूड गरगर फिरतं, आणि दुसऱ्यानं त्यावर पटाशी टेकवायची. ह्या सांगाड्याला ते चरक म्हणत. सासरा दोरी ओढी, सून पटाशी धरी. आळीतले लोक सुरुवातीला हसले. मग सगुणाची लाटणी आणि पोळपाट पाहून हसायचे थांबले.

दवंडी ऐकून सगुणा घरी आली आणि सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, न तडकणारं लाकूड असतं का?"

म्हाताऱ्यानं दोरी खाली ठेवली. "असतं. गाठीचं."

"कुठली गाठ?"

"माणसाच्या मानेवर कधी आवाळू येतं ना, तसं झाडाच्या खोडालाही येतं. साध्या लाकडाच्या रेघा सरळ धावतात, म्हणून ते रेघेवर उभं फाटतं. गाठीतल्या रेघा गुंतलेल्या असतात. फाटायला वाटच नसते. नीट वाळवली तर अशी गाठ ना फुगत, ना तडकत." म्हाताऱ्यानं मान हलवली. "पण गाठ आपल्याला परवडायची नाही, पोरी. मी उभ्या जन्मात तीनच कातल्या, त्याही दुसऱ्यांच्या."

दुसऱ्या दिवशी सगुणा लाकडांच्या वखारीत गेली. वखारवाला सज्जन नव्हता, पण दुर्जनही म्हणता येणार नाही. तो व्यापारी होता. त्यानं एका कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकलेल्या पाच गाठी दाखवल्या. काळपट, खडबडीत, मोठ्या भोपळ्याएवढ्या.

"एकीला काय पडेल?" सगुणानं विचारलं.

"एक दुभती म्हैस," वखारवाला म्हणाला. "पाचांपैकी चार पेठेतल्या मोठ्या काताऱ्यानं सांगून ठेवल्यात. एक उरलीय."

सगुणाच्या घरी शेळीसुद्धा नव्हती. तिनं गाठीवरून हात फिरवला आणि गोणपाट पुन्हा नीट झाकून ठेवलं.

"ह्या येतात कुठून?"

"लांबून," वखारवाला म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. सासरा म्हणाला, "गाठ काही वखारीत उगवत नाही. रानात उगवते. आपल्यालाही पाय आहेत."

म्हणून सगुणा कुऱ्हाड घेऊन रानात गेली. तिसऱ्या दिवशी तिला शिवणीचं एक जुनं झाड दिसलं. खोडावर गुडघ्याएवढ्या उंचीला मोठी गाठ होती. तिनं कुऱ्हाड उचलली. तेवढ्यात तिचं लक्ष शेजारच्या झाडाकडे गेलं. त्या झाडालाही कधीतरी गाठ होती. कोणीतरी ती खांडून नेली होती. तिथे हातभर जखम राहिली होती, जखमेत वाळवी लागली होती आणि झाडाचा अर्धा भाग वाळला होता. सगुणा बराच वेळ दोन्ही झाडांकडे बघत राहिली. मग तिनं कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि पुढे चालू लागली.

पुढच्या डोंगरावर धूर दिसत होता. तिथे कोळसा पाडणाऱ्यांची वस्ती होती. ही माणसं वाऱ्यानं पडलेली, वाळलेली झाडं तोडत, लाकडं रचून त्यावर माती लिंपत, आत विस्तव घालत, आणि ती भट्टी दिवसेंदिवस मंद धुमसत ठेवून कोळसा करत. वस्तीची कारभारीण बायजा नावाची एक वयस्कर बाई होती. केस पांढरे, हात कोळशासारखे काळे, आणि आवाज इतका खणखणीत की पलीकडच्या डोंगरावरही ऐकू जाई.

सगुणा तिथे पोचली तेव्हा बायजा एका ओबडधोबड लाकडावर घण आणि पाचर घेऊन भिडली होती. पाचर आत रुतून बसली होती. लाकूड काही फुटत नव्हतं.

"मेलं हे आवाळू," बायजा म्हणाली. "फुटत नाही की भट्टीत नीट रचता येत नाही. अख्खं ठेवलं तर मधे पोकळी राहते, हवा शिरते आणि भट्टी पेटून जाते. ह्यांच्यापायी दरसाल दोन-तीन कुऱ्हाडी मोडतात."

"मग काय करता ह्यांचं?" सगुणानं विचारलं.

"दरीत लोटतो."

सगुणा कड्यापाशी गेली आणि खाली डोकावली. दरीच्या उतारावर, झुडपांत अडकलेल्या, एकमेकींवर पडलेल्या गाठीच गाठी होत्या. वखारीत नव्हत्या तेवढ्या. वखारवाल्यानं आयुष्यभरात पाहिल्या नसतील तेवढ्या. काही पावसानं कुजल्या होत्या, पण बऱ्याच अजून दगडासारख्या टणक होत्या.

"मला दोन-चार देता का?" ती म्हणाली.

"दोन-चार कशाला, सगळ्या ने. पण तुला कशाला हव्यात?"

इथे सगुणा अडखळली. तिला बायजाच्या तोंडाकडे बघवेना. "असंच," ती म्हणाली. "काहीतरी कातून बघीन."

फुकट घ्यायलाही तिचं मन होईना. तिनं पाहिलं की ही माणसं कोळशाची पोती दोरानं कड्याखाली सोडतात आणि दोर कातळावर घासून तुटतो. म्हणून पुढच्या खेपेला तिनं त्यांच्यासाठी लाकडी चाक कातून आणलं, विहिरीच्या रहाटाला असतं तसं. दोर त्यावरून सुळकन धावू लागला. बायजाचा भाऊ लखू दिवसभर उगाचच पोती वर-खाली करत राहिला. वस्तीनं सगुणाला आपलं मानलं. तिनं चाक द्यावं, मुसळ द्यावं, आणि परत जाताना डोक्यावर दोन गाठी घेऊन जावं, असा व्यवहार सुरू झाला.

घरी पहिली गाठ चरकावर चढवली तो दिवस सगुणा कधी विसरली नाही. वरची काळी साल उडाली आणि आतून मधाच्या रंगाचं लाकूड बाहेर आलं. त्यात शेकडो बारीक डोळे होते, भोवती वळसे घेत गेलेल्या रेघा होत्या, जणू ओढ्याचं पाणी भोवऱ्यात फिरता फिरता गोठून गेलं होतं. सासऱ्यानं दोरी ओढणं थांबवलं. जवळ येऊन, कापऱ्या बोटांनी त्यानं ते चाचपलं आणि पुन्हा दोरीकडे गेला.

पण लाकूड मिळालं म्हणजे माप झालं असं नाही. गाठ वरून वाळकी दिसली तरी आतून ओली होती. कातून उन्हात ठेवलेली पहिली अधोली चार दिवसांत तडकली. दुसरी सावलीत ठेवली, ती महिन्यानं वाकडी झाली. तिसरी लाकडाच्या भुशात पुरून ठेवली. मग पाऊस सुरू झाला, भुसा दमट झाला आणि अधोलीला आतून बुरशी धरली. वखारवाल्याकडून गाठी घेणाऱ्या मोठ्या काताऱ्याच्या घरीही हेच चाललं होतं, असं आळीत बोललं जाई. गाठ स्वभावानं न तडकणारी खरी, पण नीट वाळली तर. आणि नीट वाळवायची कशी, ते कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं.

दिवाळी झाली, रस्ते वाळले आणि सगुणा पुन्हा डोंगर चढून गेली. वस्तीवर नव्या भट्ट्या लागल्या होत्या. बायजानं तिला चुलीपाशी बसवलं, गरम भाकरीवर तीळकूट घातलं आणि स्वतःच्या वाटणीचा कांदाही तिच्यापुढे सरकवला.

"खा गं," बायजा म्हणाली. "तुझ्या चाकामुळे ह्या वर्षी आमचा एकही दोर तुटला नाही. आणि बदल्यात तू नेतेस काय, तर आमचा कचरा. तुझे उपकार कसे फेडावेत तेच कळत नाही."

सगुणाच्या तोंडात घास तसाच राहिला. ती कशीबशी भाकरी संपवून उठली आणि त्या दिवशी एकही गाठ न घेता घरी परतली.

"मामंजी," ती म्हणाली, "मला त्यांना सांगायचंय."

"काय सांगायचंय?"

"वखारीत एका गाठीला म्हैस मिळते, हे."

म्हाताऱ्यानं हातातली दोरी खुंटीला अडकवली. मग म्हणाला, "तू सांगितलंस की त्या गाठी सरळ वखारीत जातील. उद्या आपण मागायला गेलो तर आपल्याला एकसुद्धा मिळणार नाही. आणि पाडव्याला चार महिने राहिलेत. तू चोरी केलेली नाहीस, पोरी. त्यांनी आपणहून दिल्यात. तू चाकं दिलीस, मुसळं दिलीस. पाडवा होऊ दे. मग सांग."

"पाडव्यानंतर सांगितलं तर ते सांगणं होणार नाही, मामंजी. ती कबुली होईल."

"काम गेलं तर ह्या घराचा चरक बंद पडेल."

"माहीत आहे मला."

म्हाताऱ्यानं सुनेकडे पाहिलं. तो एवढंच म्हणाला, "भाकरी बांधून घे. डोंगर लांब आहे."

सगुणानं वस्तीवर जाऊन सगळं सांगितलं. काहीच राखून ठेवलं नाही. दवंडी सांगितली, वखार सांगितली, गोणपाटाखालच्या पाच गाठी सांगितल्या, दुभती म्हैस सांगितली. "पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मला सांगता आलं असतं," ती म्हणाली. "मी सांगितलं नाही. तुम्हांला किंमत ठाऊक नव्हती म्हणून मला स्वस्त पडलं."

लखू पुढे आला. तो रागानं लाल झाला होता.

"म्हणजे आम्ही तुला घरचं माणूस समजत होतो, आणि तू आम्हांला बनवत होतीस."

"हो," सगुणा म्हणाली. तिनं मान खाली घातली नाही, पण तिचे डोळे भरून आले.

बायजा उठून भट्टीकडे निघून गेली. लखूनं दोन माणसं घेऊन दरीत उतरून सात चांगल्या गाठी वर काढल्या, बैलावर लादल्या आणि तो राजधानीच्या वाटेला लागला. सगुणा रिकाम्या हातानं घरी आली. सासऱ्यानं चुलीवर तिच्यासाठी पाणी गरम करून ठेवलं होतं.

आता लखूचं काय झालं ते ऐका.

तो वखारीत पोचला. वखारवाल्यानं सात गाठी पाहिल्या आणि आतून हरखून गेला, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. एक गाठ उचलली, नाक मुरडलं. "किडकी आहे." दुसरी उचलली. "ही कुजायला लागलीय. जळणाशिवाय कशाच्या कामाची नाही. पण तू एवढ्या लांबून आलास, तुला नाराज कसं करू? सगळ्यांचं मिळून एक पोतं मीठ देतो."

पंधरा दिवसांपूर्वीचा लखू ते मिठाचं पोतं घेऊन नाचत घरी गेला असता. आजच्या लखूनं वखारीच्या कोपऱ्यातलं गोणपाट उचललं. खाली उरलेली गाठ होती.

"ही कितीला?" त्यानं विचारलं.

"ती वेगळी आहे," वखारवाला घाईनं म्हणाला.

लखूनं आपली एक गाठ तिच्या शेजारी ठेवली. दोन्ही अगदी सारख्या दिसत होत्या. लखूनं सातही गाठी पुन्हा बैलावर चढवल्या आणि आला तसा परत फिरला.

वस्तीवर येऊन त्यानं बहिणीला सगळी हकिकत सांगितली. बायजानं ती शांतपणे ऐकून घेतली. मग ती म्हणाली, "लखू, त्या बाईनं आपल्याला सांगितलं नसतं तर आज आपण मिठाच्या पोत्यावर त्याच्या सात पिढ्यांना आशीर्वाद दिला असता. तिला सांगायची काही गरज नव्हती. तिचं नुकसानच होणार होतं. तरी डोंगर चढून आली आणि सांगून गेली. आपल्याला ह्यापुढे कोणाशी व्यवहार करायचाय, ते तूच बोल."

लखूनं बैलाच्या पाठीवरचा दोर पुन्हा आवळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कातारआळीत बायजाचा खणखणीत आवाज घुमला. लोक दारात आले. बायजा पुढे, तिच्यामागे लखू, आणि त्याच्यामागे गाठींनी लादलेले तीन बैल. सगुणाच्या दारात येऊन बायजा थांबली.

"तुझा राग आला होता मला," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? दोन दिवस होता, मग गेला. आता कामाचं बोलू. गाठी आमच्या, कातणं तुझं. जे मिळेल ते अर्धं अर्धं. कबूल असेल तर उतरवून घे, नाहीतर परत नेते."

सगुणानं दार सताड उघडलं. तिच्यामागून सासरा म्हणाला, "कबूल आहे, बाई. आत या. उन्हातून आलात."

बायजा आत आली आणि तिचं लक्ष कोपऱ्यात पडलेल्या तडकलेल्या अधोल्यांकडे गेलं. एक उचलून तिनं तडा बोटानं चाचपला, लाकडाचा वास घेतला.

"हे कुठे वाळवलंत?"

"आधी उन्हात. मग सावलीत. मग भुशात," सगुणा म्हणाली.

"मला विचारायचं होतंस की." बायजा जमिनीवर मांडी घालून बसली. "लाकडातलं पाणी कसं काढायचं, हेच तर आम्ही जन्मभर करतो. उन्हात वरचं वाळतं आणि आतलं ओलं राहतं, मग ते फाटणारच. भट्टीतला कोळसा काढून झाला की वरची माती वीस-पंचवीस दिवस कोमट राहते. तुझी मापं जाडच ठेव, पुरी कातू नकोस. त्या कोमट मातीत आम्ही ती पुरून ठेवू. एक भट्टी निवाली की दुसरीत हलवू, तिसरीत हलवू. पाणी आतून बाहेर सावकाश निघेल, लाकडाला कळणारसुद्धा नाही. मग काढ आणि बारीक कात."

म्हातारा कातारी ऐकतच राहिला. साठ वर्षं लाकडात घालवूनही त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि सांगणारं माणूस एका डोंगरापलीकडेच राहत होतं.

त्या हिवाळ्यात वस्ती आणि आळी ह्यांच्यामध्ये वाट मळून गेली. सगुणानं बारा अधोल्या जाड कातून दिल्या. बायजानं त्या भट्ट्यांच्या मातीत पुरल्या. रोज सकाळी ती माती हातात घेऊन तिची ऊब बघे, कधी वर पाला पसरी, कधी काढून टाकी. लखू दर आठवड्याला त्या उकरून तपासून बघे आणि खाली येऊन सांगे, "अजून एकही फुटलेली नाही." फाल्गुनात बाराही परत आल्या. त्यातल्या दोनच किंचित वाकल्या होत्या. लाकडावर बोटानं टिचकी मारली की काशाच्या भांड्यासारखा आवाज येई.

सगुणानं त्यातली सर्वांत चांगली निवडली आणि शेवटचं कातकाम सुरू केलं. सासरा दोरी ओढत होता. पटाशीतून कागदासारखी पातळ साल निघत होती. माप पुरं झाल्यावर तिनं त्यावर आतून-बाहेरून लाख चढवली आणि केवड्याच्या पानानं घासून घासून चकाकी आणली.

पाडवा आला. राजवाड्यासमोरच्या पटांगणात राज्यभरातले कातारी जमले. सत्तावीस अधोल्या मांडल्या गेल्या. राणीच्या कारभाऱ्यानं प्रत्येक अधोली राळ्याच्या बारीक दाण्यांनी भरून किती राळे मावतात ते बघितलं आणि तेवढे राळे त्याच अधोलीच्या नावानं वेगळ्या पिशवीत बांधून ठेवले. मग अधोल्या जाळ्यात घालून तळ्यात बुडवल्या. आठ दिवसांनी त्या बाहेर काढून तापलेल्या काळ्या कातळावर मांडल्या. चैत्रातलं ऊन, खाली कातळ, वर आभाळात ढगाचा ठिपका नाही.

तिसऱ्याच दिवशी पहिला कडाका ऐकू आला. सागाची एक अधोली वरपासून खालपर्यंत उलली. मग दुसरी, मग पाचवी. पेठेतला मोठा कातारी छत्री धरून रोज तिथे उभा राही. त्याच्या गाठीच्या अधोलीनं सहा दिवस दम धरला. सातव्या दिवशी दुपारी तिच्या तळाला केसाएवढी चीर गेली. चांगलं लाकूड होतं, आणि हातही चांगला होता. लाकूड आतून ओलं राहिलं होतं, एवढंच.

सोळाव्या दिवशी कातळावर न तडकलेल्या चारच अधोल्या उरल्या. राणी स्वतः खाली आली. तिनं पहिल्या अधोलीत तिच्या पिशवीतले राळे ओतले, तर मूठभर बाहेर सांडले. अधोली आक्रसली होती. दुसरीत ओतले, तेही सांडले. तिसरी वाकडी होऊन जमिनीवर डुगडुगत होती. चौथी सगुणाची. राणीनं राळे ओतले. काठाशी येऊन ते थांबले. तिनं वरून काठी सरळ फिरवली. काठीपुढे एक दाणा आला नाही आणि काठीखाली एका दाण्याची जागा राहिली नाही.

मग कातारआळीच्या बाजूनं आवाज उठला आणि तो वाढतच गेला. डोंगरवस्तीची माणसं ढोल घेऊन आली होती. त्यांनी कोणाच्या हुकमाची वाट पाहिली नाही.

आवाज निवाल्यावर राणीनं अधोली उचलली, उन्हात धरून तिचे डोळे आणि वळसे निरखले. "इतकं देखणं आणि इतकं पक्कं लाकूड मी पाहिलेलं नाही. बाई, हे तुम्ही कुठल्या वखारीतून घेतलंत?"

सगुणा पुढे आली. तिनं बायजाचा काळा हात धरून तिलाही पुढे आणलं.

"वखारीतून नाही, राणीसाहेब. गाठ ह्यांची आहे. वाळवली ह्यांनी. मी कातली आणि दोरी माझ्या सासऱ्यांनी ओढली. ह्यांतलं एक जरी नसतं, तरी आज हे माप तडकलं असतं."

राणीनं बायजाकडे बघितलं. "आणि आजवर तुम्ही ह्या गाठींचं काय करत होता?"

"दरीत लोटत होतो," बायजा तिच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाली. "ह्या बाईनं येऊन सांगितलं, लोटू नका, ह्यांची किंमत मोठी आहे. ते तिनं कोणत्या वेळी सांगितलं, ते ऐकलंत तर तुम्हांलाही नवल वाटेल." आणि तिनं सगळी हकिकत भर पटांगणात सांगितली. वखारवाला गर्दीत मागच्या रांगेत उभा होता. तो हळूच आणखी मागे सरकला.

राणीनं तिथल्या तिथे निर्णय दिला. चाळीस बाजारांच्या मापांचं काम सगुणाच्या घराला आणि बायजाच्या वस्तीला मिळून मिळालं. प्रत्येक मापाच्या तळाशी दोन खुणा कोरायच्या असं ठरलं, एक पटाशीची, एक भट्टीची. सगुणाच्या विनंतीवरून राणीनं आणखी एक हुकूम काढला की उभ्या झाडाची गाठ कोणी तोडायची नाही. पडलेल्या झाडाचीच घ्यायची.

काम इतकं होतं की एका चरकाला ते झेपणारं नव्हतं. सगुणानं आळीतल्या उरलेल्या तीन घरांना बोलावून घेतलं. मग गाव सोडून गेलेली माणसं परत येऊ लागली. वर्षभरात आळीत अकरा चरक फिरायला लागले. पेठेतला मोठा कातारीही एकदा आला आणि मोकळ्या मनानं म्हणाला, "मला वाळवायचं शिकवाल का?" बायजानं त्याला भट्टीवर नेलं आणि हाताला कोळसा लागेपर्यंत सोडलं नाही.

वखारवाल्यालाही अखेर डोंगर चढावा लागला. त्यानं गाठी मागितल्या. लखूनं वाजवी भाव सांगितला, त्यात ना राग होता ना लबाडी, आणि वखारवाल्यानं तो मुकाट्यानं दिला. तेव्हापासून राज्यातल्या कुठल्याही साध्या काताऱ्याला गाठ परवडू लागली. म्हशीच्या मोलानं ती पुन्हा कधीच विकली गेली नाही.

आणि चाळीस बाजारांतली भांडणं? ती थांबली. म्हणजे, मापावरून व्हायची ती थांबली. माणसं भांडायला दुसरी कारणं शोधतात, त्याला राणी तरी काय करणार?

सगुणाच्या सासऱ्याला एकदा आळीतल्या कोणी विचारलं, "आजोबा, तुम्ही तर तिला पाडव्यापर्यंत थांब म्हणाला होतात."

"म्हणालो होतो," म्हातारा म्हणाला. "आणि तिनं माझं ऐकलं असतं तर आमच्याकडे गाठी असत्या, आणि त्या सगळ्या तडकलेल्या असत्या."

ह्या गोष्टीतून शिकायचं ते इतकंच: समोरच्याला त्याच्याच वस्तूची किंमत ठाऊक नाही म्हणून ती आपल्याला स्वस्त मिळत असेल, तर ती किंमत त्याला आपणहून सांगावी, त्यात एक सौदा हातचा गेला तरी जन्माचा सोबती मिळतो.